हिंदुराव गप्प बसले तेव्हा

बावड्याचे हिंदुराव आयुष्यात एकच जंगी कुस्ती खेळले आणि तीही हरले. खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. पण त्याच वर्षी गावच्या मैदानात माइकवर बोलणारा मास्तर आला नाही, म्हणून कुणीतरी थट्टेनं त्यांच्या हातात माइक दिला. दिवेलागणीपर्यंत पंचक्रोशीला कळलं, की खांद्यातनं गेलेली ताकद या गड्याच्या गळ्यात उतरलीय. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. बारामती-इंदापूर भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलं, आणि मैदान म्हटलं की हिंदुराव आले. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आज्यानं कुणाला कुठं चीतपट केलं होतं, हे सगळं ते कागद न बघता सांगायचे. हलगीवालासुद्धा त्यांच्या तोंडाकडं बघून हात चालवायचा.

गेल्या दिवाळीपासून हा गळा खरखरायला लागला. हिंदुरावांनी ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध घेतलं, थंडीला शिव्या दिल्या. शेवटी एका मैदानात ऐन कुस्तीच्या तोंडावर आवाज असा फाटला, की माइकच बिघडला असं लोकांना वाटलं. बारामतीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ऑपरेशन करून ती काढली, तपासायला पाठवली. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी बजावलं, "पंधरा दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर रोज मोजून पाच मिनिटं. आणि दोन महिने माइकला हात लावायचा नाही."

घरात बायको द्वारकाबाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत पयल्यांदा माझं बोलनं पुरतं व्हतंय." हिंदुरावांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. द्वारकाबाईंनी ते वाचलं आणि पाटी पुसून परत दिली.

लेक उत्कर्षा पुण्याला असते. तिनं बापाला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. ग्रुपचं नाव 'मुकी मैफल'. गळ्याचं ऑपरेशन झालेली वीस-बावीस माणसं, कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्यातली दोघं हिंदुरावांना लगेच चिकटली. एक आसावरीबाई, बारामतीच्या शाळेत शिकवणाऱ्या. पंचवीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर ओरडून त्यांच्या गळ्याला गाठी आल्या होत्या. दुसरा महिपती, इंदापूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा. त्याचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वीचं.

रोज सकाळी आसावरीबाईंचा मेसेज यायचा, "पाणी किती प्यालात? रात्री तिखट खाल्लंत का? खरं सांगा." हिंदुराव एका बोटानं टिपत उत्तर द्यायचे. महिपती एखादा चावट विनोद पाठवायचा आणि खाली लिहायचा, "हसायचं न्हाय. हसलं की आवाज निगतो." ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी हिंदुरावांना ठसका लागला, घशात आग उठली, सगळं वाया गेलं असं वाटून ते रडकुंडीला आले. तेव्हा महिपतीनं दहा मिनिटांत अकरा मेसेज टाकले. त्याला तिसऱ्या दिवशी असाच ठसका लागला होता आणि काही बिघडलं नव्हतं. द्वारकाबाईंना ही माणसं फार आवडायला लागली. भाकऱ्या थापता थापता त्या विचारायच्या, "काय म्हनत्यात तुमची मुकी?"

सहाव्या दिवशी गावातल्या एकानं व्हिडिओ पाठवला. निरवांगीच्या मैदानाचा.

माइकवर रविराज होता. कन्हेरीचा हा गडी आठ वर्षं हिंदुरावांची पिशवी धरून हिंडला होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हलगीला कधी वाट द्यायची, हे सगळं हिंदुरावांनी त्याला शिकवलं होतं. तो केशरी फेटा बांधून, हात जोडून सांगत होता, "मंडळी, माजे गुरू हिंदुराव तात्या, त्यांना घशाचा कॅन्सर झालाय. त्यो आवाज आता परत ऐकाय मिळायचा न्हाय. दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी त्यांनी सोताचा ह्यो फेटा माज्या डोक्यावर ठेवला." त्यानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मग मैदानातली पाच हजार माणसं दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिली.

हिंदुराव स्वतःच्या दोन मिनिटांच्या शांततेकडं बघत बसले.

दुपारपासून माणसं भेटायला यायला लागली. बायका द्वारकाबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. एकजण केळी घेऊन आला आणि हिंदुरावांच्या पायाशी बसून नुसता उसासे टाकत राहिला. पाटीवर 'कॅन्सर नाही' लिहून दाखवलं, तर तो डोळे पुसत म्हणाला, "व्हय तात्या, धीर सोडू नका." संध्याकाळपर्यंत तीन गावांची सुपारी रविराजकडं फिरल्याचं कळलं.

हिंदुरावांनी भिंतीवरची मोटारसायकलची किल्ली काढली. द्वारकाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग हिंदुरावांनी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, "आत्ता कनेरीला जातो. त्याला त्याच्या दारात उबा करून सोलतो. साऱ्या गावाला ऐकू गेलं पायजे."

आसावरीबाईंचं उत्तर लगेच आलं. "जा. ओरडा. जखम उघडेल, आवाज कायमचा जाईल. मग तो खोटं बोलला असं कोण म्हणेल? त्याचं म्हणणं तुम्हीच खरं करून द्याल."

खाली महिपती. "बाई बराबर बोलत्यात. आदी गळा, मग सूड. बावड्याचं मैदान कधी हाय?"

बावड्याचं मैदान आठ आठवड्यांवर होतं. हिंदुरावांनी किल्ली परत खिळ्याला लावली.

त्या दिवसापासून त्यांच्या आजारपणाला दिशा मिळाली. राग पूर्वी त्यांच्या तोंडून निघून जायचा. आता तो आतच राहिला आणि कामाला लागला. लाल मिरची बंद, चहा बंद, तंबाखू तर समूळ बंद. द्वारकाबाईंनी तीस वर्षं सांगून जे जमलं नव्हतं ते रविराजच्या एका भाषणानं जमलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी व्यायाम दिला. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवायचा, बुडबुडे काढत बारीक 'ऊऽऽ' म्हणायचं. आसावरीबाई रोज चार वाजता व्हिडिओ कॉल लावायच्या. तिकडं त्या बुडबुडे काढायच्या, इकडं हिंदुराव. कंटाळा आला की ते रविराजचा फेट्यातला फोटो ग्लासाला टेकवून ठेवायचे. मग श्वास पुरायचा.

अशात एक दिवस खुद्द रविराजचाच मेसेज आला. "तात्या, गैरसमज नसावा. लोकांना कायतरी सांगावं लागतं. उद्याच्या मैदानात समर्थ पैलवान हाय. त्याचा वस्ताद कोन, तालीम कुटली, जरा लिवून पाठवा."

हिंदुरावांना आधी खरंच वाटेना. मग ते सगळं त्यांनी तसंच्या तसं दोघा मित्रांना पाठवलं.

महिपतीनं लिहिलं, "पाठवा की. पर उलटं पाठवा."

आसावरीबाईंनी लिहिलं, "नको. ज्याचं नाव चुकेल त्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

हिंदुरावांनी बाईंचा मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. समर्थचा वस्ताद सावळाराम आबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, ज्यानं त्या पोराला सहा वर्षं स्वतःच्या घरात ठेवून घडवलं होतं. आणि ज्याच्याशी या सावळारामांचं हाडवैर, तो शेजारच्या तालमीचा आप्पा. हिंदुरावांनी लिहिलं, "आप्पाचा पठ्ठ्या. आप्पानंच त्याला मातीत आणला." आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. रविराजनं ते वाक्य चांगलं तीन वेळा, चढत्या आवाजात म्हटलं. मैदानात आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या, मग चपला वर दिसायला लागल्या. समर्थ हात मिळवायचं सोडून थेट मंचाकडं आला आणि ओरडला, "आदी माज्या वस्तादाचं नाव नीट घे!" कमिटीच्या माणसानं रविराजच्या हातातनं माइक ओढून घेतला. हिंदुरावांनी तो व्हिडिओ सलग सात वेळा पाहिला. ते हसले, पण आवाज न काढता. नुसते खांदे गदगदत होते. इतकं गोड त्यांना कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

आणखी दोन दिवसांनी सावळाराम आबा स्वतः दारात उभे. नातवानं गाडीवरनं आणून सोडलं होतं. म्हातारा खाटेवर टेकला आणि म्हणाला, "बरा हायस न्हवं? लोक काय बी बोलत्यात. म्हनलं डोळ्यानं बगून यावं." मग म्हणाला, "परवा मैदान सोडून आलो बाबा. मान वर करवना. पोरानं कुस्ती जितली ती बी बगितली न्हाय. तू असतास तर असं झालं नसतं. तुज्या तोंडातनं माजं नाव कदी चुकलं न्हाय."

हिंदुरावांनी पाटी ओढली, लिहायला लागले, आणि थांबले. आबांना वाचता येत नव्हतं. द्वारकाबाईंनी पाटीसाठी हात पुढं केला, पण हे बायकोच्या तोंडून वदवून घ्यायचं त्यांना धाडस झालं नाही. त्या दिवसाची पाच मिनिटं अजून शिल्लक होती.

"आबा," ते म्हणाले. आवाज वाळूवरनं पत्रा ओढल्यासारखा आला. "त्ये नाव मीच चुकीचं लिवून दिलं हुतं. त्याची फजिती व्हावी म्हनून."

द्वारकाबाई चहा घेऊन आल्या, तो आबांनी हातानंच नको म्हटलं.

"तुजं भांडन तुज्या तोंडानं भांड," आबा उठता उठता म्हणाले. "माज्या नावानं भांडू नगंस."

त्या दिवशी चार वाजता हिंदुरावांनी कॉल उचलला नाही. ग्रुपवर मात्र जे झालं ते सगळं लिहिलं. महिपतीनं लिहिलं, "येडेपना मी सुचिवला. माजी बी चूक हाय." आसावरीबाईंनी 'मी म्हटलं होतं' असा एक शब्द काढला नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बावड्याच्या मैदानाला किती दिवस उरलेत? ग्लास भरा."

मैदानाच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दहा मिनिटं बोला. माइक तोंडाजवळ, आवाज चढवायचा नाही. चढवलात तर माझ्याकडे परत येऊ नका."

मैदानाच्या दिवशी आसावरीबाई नवऱ्याला, आनंदरावांना घेऊन बारामतीहून आल्या. महिपती इंदापूरहून आला. फोटोत दांडगा दिसणारा महिपती प्रत्यक्षात काटकुळा निघाला. तिघांनी एकमेकांना बघितलं आणि काय बोलावं कुणालाच सुचेना. इतके दिवस सगळं बोटांनीच बोललेलं. आसावरीबाईंनी पिशवीतनं कोमट पाण्याची बाटली काढून हिंदुरावांच्या हातात दिली.

मंचावर रविराजच होता. गावानं सुपारी त्यालाच दिली होती. हिंदुराव पायऱ्या चढले तेव्हा कमिटीचे अध्यक्ष भूत बघितल्यासारखे उभे राहिले. रविराज वाकून पाया पडायला आला. हिंदुरावांनी पाय मागं घेतले आणि माइकसाठी हात पुढं केला.

"मंडळी," ते म्हणाले.

तो आवाज कुणाला ओळखू आला नाही. खाली गेलेला, जाडाभरडा, संथ. ऐकू यावं म्हणून अख्खं मैदान गप्प झालं. हलगीवाल्यानं हलगीवर पंजा ठेवला.

"मी हिंदुराव. मला कॅन्सर न्हाय. रिपोर्ट खिशात हाय, ज्याला बगायचा त्यानं बगावा. फेटा मी कुनाच्या डोक्यावर ठेवलेला न्हाय. समर्थ पैलवानाचा वस्ताद सावळाराम आबा. मागल्या मैदानात जे चुकीचं नाव घेतलं गेलं, ते मी जानूनबुजून लिवून दिलं हुतं. त्यापायी ह्या मैदानासमोर मी आबांची माफी मागतो." ते घोटभर पाणी प्याले. "रविराजची मागत न्हाय. जिवंत मानसासाठी त्यानं पाच हजार लोकांना उबं केलं. त्याला जे म्हाईत न्हाय ते त्यानं कुनालाबी इचारावं. मला इचारू नये."

कुणी टाळी वाजवली नाही. रविराज मंचाच्या कडेला उभा होता. त्यानं खालच्या गर्दीकडं पाहिलं, गर्दी त्याच्याकडंच बघत होती. त्यानं हळूच फेटा काढला, काखेत मारला आणि मागच्या बाजूनं उतरून गेला. हिंदुराव तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले, एक शब्द न बोलता. त्यांच्या दहा मिनिटांतलं दीड मिनिट त्यात गेलं. ते वाया गेलं असं त्यांना आजही वाटत नाही.

उरलेल्या वेळात त्यांनी समर्थची कुस्ती सांगितली. पुढच्या रांगेत सावळाराम आबा बसले होते. नाव घेतलं तेव्हा त्यांनी मान वर केली. कुस्ती संपल्यावर ते हिंदुरावांशी काही बोलले नाहीत, पण कुस्ती त्यांनी शेवटपर्यंत बघितली.

हिंदुरावांचा पहिला आवाज परत आला नाही. आता ते वर्षाला सात-आठच मैदानं घेतात, तीही अर्ध्या तासाची, आणि लोक त्या अर्ध्या तासाला खोकतसुद्धा नाहीत. रविराजला यात्रेला कुणी बोलवत नाही. तो बारामतीत साड्यांच्या सेलच्या रिक्षात बसून पुकारतो.

परवा तपासणीला जाताना ती रिक्षा समोरनं आली. हिंदुरावांनी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. 'या ताई, या माई' पासून 'आजचा शेवटचा दिवस' पर्यंत सगळं ऐकलं. रिक्षा कोपऱ्यावर वळून आवाज पुसट होईपर्यंत ते हलले नाहीत.

मागं बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "अवं, झालं की आता. पोरगंच हाय. माफ करून टाका."

"डॉक्टरांनी जादा बोलू नका म्हनून सांगितलंय," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली.