हंसाबाई आणि सोनूची गंजी

दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर अंगणवाडी होती आणि तिथं हंसाबाई मदतनीस होती. कागदावर तिचं काम खिचडी शिजवणं, पाणी भरणं, झाडलोट करणं. पण तिला स्वतःला विचाराल, तर ती पोरं झोपवणारी बाई. बारा वर्षांत तिनं कितीतरी रडवी, हट्टी, लाथा झाडणारी पोरं दुपारी निजवली होती, आणि त्याची टिमकी ती जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसापुढेही वाजवायची. "पोट्टं झोपत नाही म्हंजे काय? माह्यासमोर?"

मग सोनू आली, आणि बाईची टिमकी बंद पडली.

सोनू साडेतीन वर्षांची, एवढीशी. घरात सगळे बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारे, त्यामुळे मराठी शब्द तिच्याकडे मोजकेच. फेब्रुवारीपासून तिची झोप उडाली होती. डोळे लाल, अंगात नुसती तिरमिरी, आणि जवळ येईल त्याला चावा. एका आठवड्यात तिनं चार पोरं, एक बाहुली आणि लस द्यायला आलेल्या नर्सबाईंचं बोट चावलं. कौसल्याच्या अभिषेकला तर एकाच गालावर दोनदा. कौसल्या पदर खोचूनच आली.

"हंसाकाकी, आठ दिवस देते. मंग एक तं थे पोट्टी येईन, नाही तं माह्यं पोट्टं. साऱ्या बाया माह्या बाजूनं हायेत, सांगून ठेवते."

सोनूची अंगणवाडी बंद झाली, तर सोनूची आई कामाला जाताना तिला खाटेच्या पायाला बांधून, दाराला कडी लावून जाणार होती. तिनंच ते रडत रडत सांगितलं होतं. ते ऐकून हंसाबाई तडक उठली. सेविका पद्मजाबाईंपुढे तिनं हात नाचवले.

"चावते म्हून बांधाचं? अवो मॅडम, थे झोपली नाही म्हून चावते! तुमी दोन रात्री जागा, मंग पाहा, तुमीबी साहेबाले चावता का नाही!"

पद्मजाबाई दारव्ह्याच्या, तीन पिढ्या कचेरीत काढलेल्या घरातल्या. असलं बोलणं ऐकून त्या लाजल्या, मग हसल्या, आणि मग ते त्यांना पटलं.

हंसाबाई कामाला लागली. सोनूनं तोंड उघडलं की लगेच हातात गाजर. "माणूस नाही व माय, गाजर!" दोन दिवसांत चावे निम्मे झाले. रोज तीच वेळ, तोच कोपरा, तेच गुणगुणणं. पण झोप? सतरंजी अंथरली की सोनू पाय आपटायची आणि एकच शब्द ओरडायची, "गंजी! गंजी!"

हंसाबाई खूश. आपल्याकडे गंजी म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं, आणि या बाईचा सगळा जन्म गंजीभोवतीच गेलेला. "भुकेली हाये वो थे!" तिनं खिचडी वाढली. सोनूनं ताट उडवलं. छोटी गंजी दिली, ती फेकली. मधली दिली, तीही फेकली. मग पद्मजाबाईंना आपल्या वडिलांची गंजी आठवली, म्हणजे बनियन. "तिला बापाच्या अंगाचा वास हवा असेल," त्या म्हणाल्या, आणि सोनूच्या बापाचं जुनं बनियन मागवलं. सोनूनं ते फाडलं. शेवटी सहाव्या दिवशी हंसाबाईनं वीस पोरांच्या खिचडीची गंजी घासूनपुसून, आत गोधडी घालून, सोनूलाच तिच्यात बसवलं. सोनूनं आतून अशी बोंब ठोकली की बाहेरची बकरी पळाली.

नेमका तेव्हाच सुनील, सोनूचा बाप, दारात आला. "काकी, हे काय करून राह्यली?"

"तुहीच पोट्टी गंजी मांगते ना!"

सुनील उंबरठ्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग हसता हसता थांबला. "थे गंजी नाही वो काकी. कापसाची गंजी."

त्या साली भाव नव्हता, खरेदी लांबली होती, म्हणून सगळा कापूस आढ्यापर्यंत घरातच रचलेला. हिवाळाभर सोनू त्या ढिगावर, वर टिनाच्या छपराला हात लावून झोपायची. फेब्रुवारीत कापूस विकला गेला. "आमाले वाटलं, घर मोकळं झालं," सुनील म्हणाला. "पोरीचं अंथरूण गेलं, हे ध्यानातच नाही आलं."

हंसाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "घराघरात गंज्या होत्या, अन् मले मेलीले भांडंच दिसलं!"

तशीच ती चादर घेऊन दारोदार फिरली आणि कवडी मागितली. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस, ज्याला व्यापारी हात लावत नाही. तांड्यात कवडीला काय तोटा! दोन दिवस कडक उन्हात वाळवून, काठीनं झोडपून, तिनं ती जुन्या लुगड्यांच्या खोळीत भरली.

आठव्या दिवशी दुपारी कोपऱ्यात कमरेएवढी गंजी उभी राहिली. सोनूनं पाहिलं, किंकाळी फोडली आणि सूर मारला. तिच्यामागे अख्खी अंगणवाडी! उड्या, कोलांट्या, नुसता धिंगाणा. "हळू रे, हळू!" म्हणत पद्मजाबाई काठावर टेकल्या, तोच खालून पोरांनी ढकललं आणि त्यांचे दोन्ही पाय हवेत. हंसाबाई हसून हसून भिंतीला टेकली. अर्ध्या तासानं सोनू शेंड्यावर आडवी झाली आणि झोपली. तिच्याभोवती एकेक करत सगळी.

कौसल्या आली ती तेव्हा. निकाल लावायला. हंसाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. अभिषेक लोळत लोळत सोनूपाशी पोचला होता आणि त्याचा तोच गाल नेमका तिच्या तोंडासमोर होता. सोनू चाळवली. तिचं तोंड उघडलं. कौसल्या पुढे धावणार, तोच तिला हंसाबाईनं धरलं. तोंड आणखी उघडलं, आणखी, आणि त्यातून एक लांबलचक जांभई निघाली. मग सोनूनं नाक त्या गालाला टेकवलं आणि पुन्हा झोपून गेली.

कौसल्या हळूच मागे सरली.

"काकी," ती कुजबुजली, "सोनूच्या मायले सांगा, पोरीले उद्याबी धाडजो म्हणा. माह्यं बी येईन."

हंसाबाईला काय करू नि काय नको असं झालं. पण पोरं झोपलेली. तोंडात पदर कोंबून ती बाहेर पळाली, आणि तिथं भर उन्हात, पायांचा आवाज न करता, साठीची बाई एकटीच नाचली.