तारेवर नसलेली घार

त्या दिवशी तारेवर घार नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लॉगबुकात माझ्याच अक्षरात लिहिलंय की फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाईन, घारीमुळे बंद पडला. ते पान जिथं कुठं असेल, तिथं अजून तेच सांगत असेल.

मी तेव्हा हुबळीच्या कडेला एका सबस्टेशनात कंत्राटी ऑपरेटर होतो. एका खोलीत बसून दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवायचे, लाईन बंद पडली की फोन करायचे. कायम करतो म्हणून दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी ते पुढच्या वर्षावर जायचं. त्या उन्हाळ्यात आम्हा कंत्राटी पोरांची (पोरं कसली, चाळिशीला टेकलेले सगळे) गोकुळ रोडवर एका चहाच्या टपरीमागं बैठक झाली. आमच्यातला एक जण बोलण्यात हुशार होता. तो म्हणाला, "अर्ज देऊन झाले, धरणं धरून झालं. दिवा लागतोय तोवर तो कोण लावतं हे कोण विचारतंय?"

"मग करायचं काय?"

"एक तास बंद. तोही केशवापूरच्या पाण्याच्या दिवशी. लाईट गेली तर लोक वारा घेत बसतात. पाणी गेलं की रस्त्यावर येतात."

त्याचं गणित बरोबर होतं. आमच्याकडं नळाला आठवड्यातनं एकदा पाणी. त्या दिवशी घरातलं एक माणूस कुठंही जात नाही, मग लग्न असो की मयत. आणि केशवापूरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप माझ्या स्टेशनच्या फीडरवर होता.

"अरे, पण हा तर केशवापुरातच राहतो," कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून हसलं. "बायको लाटणं घेऊन येईल बघ!"

"येऊ दे," मी म्हणालो. फुशारकीनं म्हणालो, आणि ते काम माझ्यावर आलं.

ठरल्या दिवशी सकाळी सव्वादहाला मी फीडर बंद केला. दार लावल्यासारखा आवाज झाला, बस्स. वहीत वेळ लिहिली. माझ्या खोलीतला पंखा दुसऱ्या लाईनवर होता, तो फिरतच राहिला.

लगेच साहेबांचा फोन. "कारण काय?"

कारण कळलं नाही की फांदी लिहायची नाहीतर पक्षी, ही आमच्यातली जुनी रीत. फांदी म्हटलं तर कुठली फांदी ते विचारतात. पक्ष्याचं बरं असतं, सापडला नाही तर कुत्र्यानं नेला. मी म्हणालो, "घार असावी, सर. मोठा आवाज झाला."

"लाईनमनला पाठव बघायला."

त्या दिवशी ड्युटीवर अण्णा होते, हे मला ठाऊक होतं.

अण्णा अळणावरकडचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तारेवर पक्षी मेला की बाकीचे लाईनमन काठीनं तो खाली पाडायचे आणि निघून जायचे. अण्णा खांबाच्या बुडाशी खड्डा काढून पुरायचे, वर एक दगड ठेवायचे. "आपल्या तारेवर जीव गेला की त्याचा. रस्त्यात टाकायचा?" आम्ही चेष्टा करायचो, "अण्णा, तेराव्याला बोलवा हं आम्हाला!" ते म्हणायचे, "तुझंही तेरावं घालीन की, आधी मर तर खरा."

म्हणजे घार म्हटल्यावर हा माणूस ती सापडेपर्यंत शोधणार, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंच.

ते स्टेशनवर आले, माठातलं पाणी प्याले. "कुठल्या अंगाला आवाज झाला रे?"

मी हात वर करून शेतांकडं दाखवलं. "तिकडं."

"आयतु," म्हणाले. आयतु म्हणजे ठीक, झालं. गाडीला किक मारून गेले. अण्णा, बसा, चहा घ्या, तासाभरात येईल आपोआप, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी त्यांची धूळ खाली बसेपर्यंत खिडकीत उभा होतो.

पाऊण तासानं फोन आला. "अरे, एका खांबावर काळं काहीतरी लटकतंय. सापडली वाटतं. लाईन बंदच आहे ना?"

खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून लेखी कागद घ्यायचा असा नियम. तो अण्णांनीच आमच्याकडून घोकवून घेतला होता. "कागदाला येतो थांब," असं ते एरवी म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले, "पाण्याचा दिवस आहे, बायका खोळंबल्या असतील. तू सांग फक्त."

"बंद आहे, अण्णा. चढा."

त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं होतं. त्याच्याच भरवशावर ते चढले.

वर शेतातल्या आच्छादनाच्या काळ्या प्लास्टिकचा तुकडा अडकला होता. तो ओढायला वाकले तेव्हा पायाखालचा लोखंडी अँगल तुटला. त्या रांगेतले खांब गंजलेत हे सगळ्यांना माहीत होतं, पत्रंही गेली होती. एका शेतकऱ्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. विजेचा धक्का लागलाच नाही. कमरेचं हाड मोडलं, आणि डावा पाय कायमचा गेला.

त्या गोंधळात तासाचे तीन तास झाले. पंप त्या दिवशी चाललाच नाही. संध्याकाळी घरी गेलो तर बायको रिकाम्या पिंपाशी उभी. "तुमच्या त्या घारीला मरायला आजचाच दिवस सापडला?" शेजारणीनं दोन घागरी दिल्या होत्या. त्या पाण्यानं मला अंघोळ करवली नाही.

आणि रस्त्यावर कोण आलं? कुणीही नाही. लोकांनी खात्याला शिव्या दिल्या, टँकर मागवला आणि पुढच्या पाण्याच्या दिवसाची वाट बघितली. आमच्याकडं मुद्दाम बंद पाडलेलं आणि आपलं आपण बंद पडलेलं, यातला फरक कुणाला कळतच नाही. म्हणून तर मी सुटलो.

चौकशी झाली ती अण्णांची. साहेबांनी मला विचारलं, "तू तोंडी परवानगी दिली होतीस?" मी म्हणालो, "फोन आला होता सर, नीट ऐकू आलं नाही." कागद न घेता चढला, चूक त्याचीच, असं लिहिलं गेलं. अण्णाही म्हणाले, चूक माझीच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला वाटतं, माझी नोकरी जाईल म्हणून. तीन वर्षांनी मी कायम झालो. त्या तासामुळे नव्हे. यादीत नंबर लागला म्हणून.

दरवर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी जातो. दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. गेल्या खेपेला चहा घेताना पुन्हा म्हणाले, "ती घार कुठं गेली असेल रे?"

आतून त्यांच्या बायको, अक्का, ओरडल्या, "सोडा की आता! पाय गेला, पण ती घार काही जात नाही ह्या घरातनं."

"तसं नव्हे गं. मी त्या प्लास्टिकच्या मागं लागलो, आणि ती कुठं झुडपात पडून तडफडली असेल. एवढ्या वर्षांत तेवढी एकच राहिली पुरायची."

मी कप खाली ठेवला. बस गाठायची आहे म्हणालो. बसला अजून अर्धा तास होता.

अण्णा घरात माझ्यासारखंच मराठी बोलतात, पण शाळा कन्नड झाली, मराठी वाचता येत नाही. मी हे मराठीत लिहिलंय. त्यात माझी पळवाट आहे, हे मला कळतं.

तारेवर घार नव्हती, मीच लाईन बंद केली होती. आणि "चढा" असं मी म्हणालो होतो. एवढं त्यांच्या दारात उभं राहून, अक्कांच्या समोर, तोंडानं सांगायचं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.