साने बाईंचं बेट आणि माझं बेट

नोकरीतल्या पहिल्याच मोठ्या कामात मी पिंजरे भलत्या गावी लावले. तेही बाईंचं मराठी मनातल्या मनात दुरुस्त करून.

साने बाई वन्यजीवशास्त्रज्ञ. दूरच्या बेटांवर जहाजांतून उतरलेले उंदीर पक्ष्यांची अंडी फस्त करत. त्यांना हटवायचं, हे बाईंचं काम. अशा प्राण्याला इन्व्हेजिव्ह म्हणतात. म्हणजे घरमालकालाच हुसकावणारा पोटभाडेकरू. सत्तरच्या दशकात बाई भिवंडीच्या खाडीत पिंजऱ्यांची ट्रायल घ्यायला आल्या. खाडीतल्या जमिनीच्या एका तुकड्यावर टिटव्यांची घरटी होती आणि रेतीच्या होड्यांतून आलेले उंदीर. ट्रायल जमली, तरच खात्याचे साहेब पुढच्या मोहिमेला मोटरलाँच देणार होते.

मी त्यांची मदतनीस, इथल्याच कामतघरच्या चाळीतली. नवीकोरी बी.एस्सी., दोन वेण्या आणि आभाळाला टेकलेलं नाक.

"आज बेटावर पिंजरे लाव. उद्या साहेब येतायत," बाई म्हणाल्या.

आता खाडीतल्या अशा तुकड्याला आम्ही म्हणायचो जू. बेट असतं कळकांचं, म्हणजे बांबूंचं, मामाच्या गावी दिघाशीला होतं तसं. बाई पुण्याच्या. त्यांना 'बेटात' म्हणायचं असेल, असं मी उदारपणे ठरवलं. कळकांत उंदीर असतातच! टांगा केला आणि दिघाशीच्या बेटात सुके बोंबील अडकवून पिंजरे लावले.

सकाळी धक्क्यावर साहेबांनी विचारलं, "पिंजरे?"

"दिघाशीला, सर. बेटात!" मी छाती काढून म्हटलं.

बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मामाचा शेजारी गोमाकाका सायकलवरून आला. कॅरिअरला पिंजरा, आत त्याची कोंबडी.

"बाय, ह्यो उंदीर तुजा हाय ना? मंग माजी कोंबरी कुठं हाय?"

साहेब वाकले. "डॉक्टर, ही इन्व्हेजिव्ह?"

"नाही सर, ती स्थानिक. उपद्रवी ही," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेब हसले, म्हणून एक रात्र वाढवून मिळाली. पण जूवर उतरलो तेव्हा टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत होत्या. एक घरटं सोडून बाकी सगळ्यांतली अंडी फुटली होती. कवचं अजून ओली होती.

त्या संध्याकाळी मी पिंजरे जूवर लावले. सकाळी ते उंदरांनी भरले, उरलेलं घरटं वाचलं, लाँच मंजूर झाली. परतताना मी होडीत नाक ओढत बसले होते. बाईंनी रुमाल काही दिला नाही. म्हणाल्या, "कळलं नाही तर विचारत जा गं. मूर्ख दिसशील, पण ती तू आत्ताही दिसतेयस. शिवाय टिटव्यांची अंडी गेली."