दाओदाओची हाक

आमच्या वाकायामाच्या या किनाऱ्यावर 'झ' कुणाच्या तोंडात टिकत नाही. सगळा जपान हत्तीला 'झो' म्हणतो, आम्ही 'दो' म्हणतो. त्यात आमच्या बोलीत अहो-जाहो नाही. नगराध्यक्षाला आणि मांजराला एकाच सुरात हाक. टोकियोची माणसं हसतात. हसू देत.

त्यामुळं इथल्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या पांडाच्या पोरीचं नाव हौसेनं 'झाओझाओ' ठेवलं, तरी पहिल्या दिवसापासून ती 'दाओदाओ'च झाली. तिला सांभाळणारेही इथलेच. सफरचंद दाखवून "दाओदाओ" म्हणायचे, की ती डुलत डुलत यायची.

सगळ्यांत खणखणीत हाक हात्सुएची. फाटकाशी तिची टपरी. खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेले भाताचे गोळे विकायची. नवरा बोटीवर होता तेव्हा त्याला धक्क्यावरनं जेवायला बोलावता बोलावता तिचा गळा असा तयार झालेला. नवरा गेला, गळा राहिला. टपरी मिटली की आत जाऊन दाओदाओला हाक मारायची. पोरगी वळून बघायची. मग हात्सुए घरी.

पांडा कुठंही जन्मला तरी मालकी चीनची, त्यामुळं यंदा दाओदाओ चीनला जायची ठरली. गाव हळहळलं. हात्सुएला मात्र निराळाच घोर.

"तिकडं तिला नीट नावानं बोलावतील," ती मला म्हणाली. मी शेजारीच सुकट विकतो. "तिला कळायचं न्हाई. जेवायला हाका मारतील आन् ही पाठ करून बसंल."

"भूक लागल्यावर येईल की."

"तुझं तसंय. ती मानी हाय."

हात्सुएचा भाचा योशिकी नगरपालिकेत. निरोपाचा सोहळा त्याच्याकडं. चीनचे पाहुणे येणार म्हणून आठवडाभर त्यानं चौकात लोकांकडनं 'झा' घोटून घेतला.

"मावशी, त्या दिवशी तेवढं तोंड मिटून बस."

"मिटते. पर तिकडं ती उपाशी राहिली तर तुझ्या दारात येऊन बसंन."

निरोपाच्या दिवशी कुंपणाला माणसं चिकटलेली. योशिकीनं खूण केली आणि सगळ्यांनी जिभा सावरत "झाओझाओ" म्हटलं. दाओदाओ पाठ करून बांबू खात राहिली. पुन्हा म्हटलं. तिनं बूड खाजवलं.

तिला न्यायला चीनहून आलेली, तिकडं पांडा सांभाळणारी लुओ नावाची तरुणी पुढं झाली. जपानी चांगलं शिकलेली, मुलायम आवाजाची. तिनंही नीट नाव घेऊन हाक मारली. दाओदाओनं दुसरा बांबू उचलला. लुओचा चेहरा उतरला. उद्यापासून हिला जेवू घालायचं तिलाच तर होतं.

ते बघून हात्सुएनं भाच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहायचं सोडून दिलं.

"दाओदाओ, ये की गं हिकडं."

बांबू पडला. दाओदाओ गर्रकन वळली आणि थेट कुंपणापाशी आली. लोक हसायला लागले. योशिकी चपलांकडं बघत उभा राहिला.

लुओ मात्र हात्सुएपाशी आली. "कृपा करून मला शिकवाल का?"

"म्हण, दाओदाओ."

"दाओदाओ-सान, कृपया इकडे यावे."

"ते आदराचं सान-बिन काढ. तिला वाटंल डॉक्टर आलाय सुई घेऊन. पोटातनं वरड, बाई."

लुओ लाजत ओरडली. दाओदाओनं नुसता कान हलवला.

"जेवायला बोलावतीयस का माफी मागतीयस? परत."

तिसऱ्या खेपेला लुओनं असा काही आवाज लावला की पार फाटकाशी माझ्या सुकटावर बसलेलं मांजर पळालं. दाओदाओ उठून तिच्याकडं गेली आणि तिच्या हातातलं सफरचंद घेऊन तिथंच बसली.

"आता ने," हात्सुए म्हणाली.

संध्याकाळी पिंजऱ्याची गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी गाव "दाओदाओ" ओरडत होतं. कर्ण्यातून सगळ्यांत मोठ्यानं योशिकी. हात्सुए टपरीत तांदूळ धूत होती.

महिन्याभरानं लुओनं योशिकीच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. डोंगरातलं कुंपण, तीन पांडा पसरलेल्या. लुओनं हाक मारली, "दाओदाओ, ये की गं हिकडं." आमची उठली. तिच्या मागनं उरलेल्या दोघीही उठल्या.

हात्सुएनं फोन परत दिला.

"बघ योशिकी," ती म्हणाली, "तू एक 'झा' शिकवायला आठवडा घालवलास. आपल्या पोरीनं तिकडच्या दोन पोरी बाटवल्या."

आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून पान उलगडायला लागली.