पाणी गेलेला चाकू

"ठेवा खाली. हातात नको."

काकांच्या दुकानी कुणी चाकू घेऊन आलं की पहिलं वाक्य हेच. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, यावर त्यांचा इतका विश्वास, की गिऱ्हाइकानं स्टुलावर ठेवल्याशिवाय ते बोटही लावायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, दिवसभर सुऱ्याच हाताळता, तुमचं तर अख्ख्या गावाशी भांडण व्हायला हवं!"

"म्हणून तर झालं नाय, ताई. तुमच्याशी बी नाय झालं, आता बोला!"

टोमणा मलाच होता. माझं तोंड जरा जास्त चालतं, हे शहागंजात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं पिको-फॉलचं दुकान आणि त्यांचं धार लावायचं, मध्ये एक भिंत. कात्र्या, विळ्या, अडकित्ते हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र जुन्या चाकूंत. शिकारीचे, फौजेतले, परदेशातून आलेले. पुण्या-मुंबईचे शौकीन जुना चाकू विकत घेण्याआधी त्यांना दाखवून जायचे. काका स्वतः कधी घ्यायचे नाहीत, नुसता भाव सांगायचे. म्हणायचे, "ज्याला घ्यायचंय त्यानं भाव सांगू नये. जीभ घसरती."

एकदा हर्सूलकडचे एक गृहस्थ मखमलीत गुंडाळून तलवार घेऊन आले. पणजोबांची, म्हणे. काकांनी ती उलटसुलट केली, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"लई लढाया मारल्यात हिनं."

"व्हय ना!" गृहस्थांची छाती फुगली.

"रोज रातच्याला. तिकीट लावून."

तलवार नाटक कंपनीतली होती. गृहस्थांना समजायला जरा वेळ लागला, पण मग तेच असे हसत सुटले की माझी मशीन थांबली. काकांचं हेच होतं बघा. भाव पाडायचे, माणूस पाडायचे नाहीत. पण भावात घासाघीस चालायची नाही. कुणी म्हटलं, "थोडा वाढवून सांगा की," तर म्हणायचे, "भाव म्हंजे लग्नाच्या पोरीचं वय नाय, सोयीनं सांगायला."

आमच्या गल्लीत एक वहिनी राहायच्या. त्यांचे मालक फौजेतून निवृत्त होऊन वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर बसायचे. भला माणूस, पण एक गोष्ट शंभरदा सांगायचा. बर्फात एका चौकीचं दार गोठलं, आत दोन जवान अडकले. मग साहेबांनी बक्षीस दिलेला परदेशी चाकू ह्यांनी शेगडीवर तापवून तापवून दाराच्या फटीत घातला आणि दार सोडवलं. ऐकणारे डोळे मिचकावायचे. गल्लीनं त्यांचं नावच 'बर्फवाले' ठेवलं होतं. वहिनीही चारचौघांत हसायच्या. आत काय व्हायचं ते त्यांचं त्यांना माहीत.

ते गेले. वर्षश्राद्धाला वैजापूरहून धाकटे दीर आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, असल्या चाकूला शौकीन चांगले पैसे देतात. मुठीत होकायंत्र, आत गळ आणि काड्यापेटी ठेवायची पोकळी. जंगलात, बर्फात हरवलेल्या माणसाला जगवणारा चाकू. दीर म्हणाले, "काकांना दाखवू. खरा असला तर विकू. दादानं बाजारातून उचलला असंल म्हणा!" भावाच्या गोष्टीला सगळ्यात मोठ्यानं हसणारे हेच.

वहिनी आधी माझ्याकडे आल्या. "चाकू जाईना का, ताई. पण काकांनी नकली म्हटलं, तर ह्यांचं काय राहिलं? जन्मभर थापाच मारल्या, असंच ना?"

मी मशीन बंद केली आणि त्यांच्याबरोबर गेले.

दिरांनी चाकू स्टुलावर ठेवला. काकांनी मुठीवरचा शिक्का पाहिला. "माल अस्सल आहे. डब्यातून काढल्यासारखा कोरा असता तर शौकिनानं हात जोडून नेला असता." दिरांचे डोळे चमकले. मग काकांनी पातं उजेडात धरलं आणि मान हलवली.

"पण पाणी गेलंय ह्याचं."

वहिनी ताडकन उठल्या. "काका! ह्यांचं पाणी जोखायचं कारण नाही. ते आता उत्तर द्यायला नाहीत!"

काका गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि बिचाऱ्यांनी दोन्ही कान धरले. "तुमच्या ह्यांचं नाय हो माय! ह्याचं, ह्या चाकूचं. पोलादाला पाणी देत्यात, त्यानं धार टिकती. ते गेलंय. बसा, बसा तुम्ही."

त्यांनी टोकाकडचा निळसर-काळा भाग दाखवला. "हे बघा. विस्तवात धरलाय. एकदा नाय, लई वेळा. भाव अर्ध्यावर आला." मग टोकावर नख फिरवलं. "हितं मोडलाय, नंतर दगडावर घासून टोक काढलंय. कशात तरी घालून जोर दिलाय, दारबिर उचकटल्यागत. भाव आणखी खाली."

काका आमच्या गल्लीतले नव्हते, त्यांना ती गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. मी वहिनींकडे पाहिलं. इकडे भाव उतरत होता आणि तिकडे त्यांचा चेहरा उजळत होता. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही.

"असला चाकू कुणी हौसेनं विस्तवात घालत नाय," काका म्हणाले. "चाकूपेक्षा मोठं कायतरी वाचवायचं असंल मालकाला. शौकीन घेणार नाय हा. मी तर भंगाराचाच भाव सांगीन."

वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. दिरांनी पात्याच्या काळ्या टोकावरून बोट फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दार उघडल्यावर आतले दोघं काय बोलले म्हणायचा दादा? मी कधी नीट ऐकलंच नाय."

वहिनींनी तिथंच, दुकानात बसून, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काकांनी आलेली दोन गिऱ्हाइकं हातानंच थांबवली. चाकू अर्थातच विकला नाही.

गेल्या थंडीत काका गेले. मला त्यांची फार आठवण येते. कात्री बोथट झाली की जास्तच. भेटायला मी आणि वहिनी गेलो. घर माणसांनी भरलेलं. लांबून आलेले शौकीन काकांचं कौतुक सांगत होते, काकांनी अमक्याचा भाव किती अचूक सांगितला, तमक्याला किती फायदा झाला. वहिनी कोपऱ्यात बसून सगळ्यांपेक्षा जास्त रडत होत्या. काकांच्या मुलानं पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, मी ओळखलं नाही. तुमचं नातं काय बाबांशी?"

"त्यांनी आमच्या चाकूचा भाव पाडला होता रे," वहिनी म्हणाल्या.