भावोजींची बघणारी गाडी

प्रत्येक वाहनाला चेहरा असतो आणि त्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असे अंतःकरणापासून मानणारा माणूस उभ्या भिवंडीत एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भावोजी पडघ्याला ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी त्याची सजवलेली मोटार न्याहाळत आणि "रडवेली हाय," असा निर्वाळा देत. धामणकर नाक्यावरून कोनला घरी जायचे, तर शेअर रिक्षांच्या रांगेपुढून सावकाश फिरत, प्रत्येकीची मुद्रा तपासत. एकदा एक रिक्षावाला कंटाळून म्हणाला, "चाचा, बैठना है तो बैठो, गाड़ी से निकाह थोड़ी करना है." भावोजींनी ते गांभीर्याने ऐकून घेतले आणि मागच्या रिक्षात जाऊन बसले.

या वेडाचे मूळ कुठे आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. लग्नानंतर दोनच वर्षांनी आलेल्या तापात ताईचे कान गेले होते. हॉर्न तिच्यासाठी वाजतच नसे. नाका ओलांडताना ती येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत टक लावून बघे. त्याने आपल्याला पाहिले अशी खात्री पटली, की हात वर करून निघे. परदेशात चालकाशिवाय गाडी धावल्याची बातमी मी एकदा जेवताना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली. भावोजींचा घास हातातच राहिला. "मंग ती बघंल कोनाकडं?" एवढेच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातले. दहा वर्षांत कोन ते नाका अशी बिनचालकाची गाडी सुरू होणार, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "इंजीन कोनीबी बनवील. तोंडाचा काय?" जुना कॉम्प्युटर घरी आला आणि त्यात ती गाडी हळूहळू आकार घेऊ लागली: बारा माणसांची, कोपरे गोलावलेली, पुढे दोन मोठे दिवे आणि त्यांवर पापण्यांसारख्या पट्ट्या. समोर माणूस दिसला की त्या मिटून उघडायच्या. भर दुपारी वीज गेली की सेव्ह न केलेली वळणे पुसली जात. मग भावोजी काळ्या पडद्यासमोर हवेत बोट फिरवत बसत. निदान हाताने तरी ती विसरू नयेत म्हणून.

कारखान्यात त्यांनी त्या तोंडाची पूर्ण आकाराची प्लायवूडची प्रतिकृती केली, हातगाडीच्या पुढे बसवली आणि एका रविवारी आवारात ताईला समोर उभे केले. दोन कामगारांनी मागून गाडी ढकलली, दोरीने पापण्या मिटल्या, उघडल्या. ताई जागची हलली नाही. "डोळे हायेत," ती म्हणाली, "पन माझ्याकडं कुठं बघतात?"

भावोजींनी वाद घातला नाही. खिशातला टेप काढून त्यांनी तिच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजून घेतली आणि पुढचे आठ महिने दिव्यांत फिरणारी बुबुळे बसवण्यात घालवले. दुसऱ्या खेपेला दोरी कामगारांच्या हाती देणे त्यांना पटेना. स्वतःच तोंडामागे दडून गाडी ढकलू लागले. बुबुळे ताईकडे वळली, पापण्या लवल्या. ताईने क्षणभर पाहिले, हात वर केला आणि ती शांतपणे गाडीसमोरून पलीकडे गेली.

भावोजी बाहेर आले तेव्हा घामाने चिंब झाले होते आणि चष्मा पुसत होते. त्यांच्या सांगण्यावरून मी पुण्याच्या एका वाहन कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले, चाचणी यशस्वी झाल्याचे नमूद केले आणि सोबत सगळी चित्रे जोडली. उत्तर आले नाही. "घाई न्हाय," भावोजी म्हणत, "नाका कुठं जातोय?"

मागच्या वर्षी भावोजी गेले. बाराव्याला ताई आणि मी त्या बंद कॉम्प्युटरपाशी बसलो होतो. त्या दिवशी गाडीसमोरून जाताना तुला खात्री कशी पटली, असे मी तिला कागदावर लिहून विचारले. तिने ते दोनदा वाचले.

"खालून त्यांच्या चपला दिसत व्हत्या," ती म्हणाली.

परवा मी तिच्यासोबत नाक्यावर उभा होतो. एक टेम्पो येऊन थांबला. चालकाने तिच्याकडे पाहून मानही हलवली. ताईने मात्र आधी खाली वाकून टेम्पोच्या चाकांमध्ये पाहिले, आणि मगच हात वर केला.