सीनेच्या दोन काठांवरचं धुणं

तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही, म्हणून आधी जागा सांगते. परांड्याच्या बाजूला सीना नदी आहे. तिच्या पूर्वेच्या काठावर आमची थोडी घरं, मागे ज्वारी-करडईचं काळं रान. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल लावत. आमच्या बाजूला निजामाचं राज्य होतं, पलीकडे इंग्रजांचं. नाणं वेगळं, शाळेतली भाषा वेगळी. सोयरीक मात्र दोन्हीकडे चालायची. माझी आत्या समोरच्याच गावात दिलेली होती.

सकाळी दोन्ही काठांच्या बायका समोरासमोर धुणं घेऊन बसत आणि पाण्यावरून हाका मारून बोलत. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक बाळंतीण झाली, सगळं तिथंच कळायचं. एक गोष्ट मात्र हाकेनं सांगायची नाही, ती म्हणजे मरण. ते सांगायला माणूसच जायचा. पण दहाव्याला घरातली सगळी अंथरुणं नदीवर धुवायची रीत होती, त्यामुळे निरोप्याआधीच काठावरच्या वाकळा बोलून जायच्या.

एका वर्षी माझी आजी, म्हणजे आत्याची आई, तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरल्यावर तिनं हट्ट धरला, "रोगाचा वास येतोय, समद्या वाकळा धुवा." आईनं आणि मी त्या धुऊन तरवडाच्या झुडपांवर वाळत घातल्या. समोर आत्या आली, रांग पाहिली आणि तिथंच बसून तिनं हंबरडा फोडला. आम्ही ओरडत होतो, पण तिच्या रडण्यात काही ऐकूच जाईना. शेवटी आजीच काठी टेकत पाण्यापर्यंत आली.

"अगं ए, कुणासाठी रडतीस? म्या हाय अजून!"

दोन्ही काठ हसले. पाणी गुडघाभर होतं. आत्या तशीच आली नि आजीच्या गळ्यात पडली. आजी म्हणाली, "लई गोड रडलीस बाई. आता खरी गेले की एवढंच रड, कमी करू नको." पुढे दोन्ही गावांत ही थट्टाच झाली. आमच्याकडची एखादी वाकळ भिजली, की आत्या पलीकडून विचारायची, "म्हातारी हाय का गेली?"

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष धामधुमीचं गेलं. नदी ओलांडणं बंद झालं. वाळूत पाय टाकला तरी अलीकडच्या पहाऱ्यावरून दरडावणी यायची. हाकासुद्धा दबक्या झाल्या. आजी पुन्हा आजारी पडली आणि या खेपेला उठली नाही. शेवटचे दिवस ती दाराकडे तोंड करून पडून असायची. पाऊल वाजलं, की म्हणायची, "आली का गं?" ती गेल्यावर वडिलांनी निरोप्या शोधला, पण पलीकडे जायला कुणी धजेना.

दहाव्याला आम्ही वाकळा घेऊन नदीवर गेलो. समोर आत्या धूत होती. मान वर करून तिनं पाहिलं आणि खळखळून हसली.

"वैनी, म्हातारीनं पुन्यांदा धुणं काढलं व्हय? बोलवा तिला हिकडं!"

आई हातात पिळा घेऊन उभी राहिली. बायकांच्या हातातली धोपटणी थांबली. मी आईच्या तोंडाकडे पाहत होते.

"अवं, बोलवा की. या बारीला म्या न्हाय फसायची!"

आईनं मान खाली घातली. आत्याचं हसू हळूहळू उतरलं. तिनं हातातलं लुगडं सोडलं, ते वाहत गेलं, आणि ती पाण्यात शिरली. कमरेइतक्या पाण्यात आली तेव्हा पहाऱ्यावरून आरोळी झाली. तिच्या जावांनी तिला धरून मागं ओढलं. या काठावर आम्ही, त्या काठावर ती. रडण्याचा आवाज तेवढा पोहोचत होता.

राज्य गेलं, पहारा उठला, आणि आत्या वाळूतून चालत माहेरी आली. आईनं तिचे पाय धुतले. आत्या उंबऱ्यावरच बसली. आजीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "वैनी, त्या दिशी हाक मारून सांगितलं का न्हाई?"

"पाण्यावरून मरण सांगू नये म्हणतात, वन्सं."

"व्हय, म्हणत्यात. पर मग मला हसू का दिलंत?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. चुलीवर आत्यासाठी पिठलं रटरटत होतं, ते तिनं उतरवलं नाही. करपल्याचा वास घरभर झाला, तरी कुणी उठलं नाही.